गोव्यात ट्रामच्या रुळांखालचा काँक्रीट स्लॅब: जमीन, सळ्या, वीज आणि ओतकाम

हलक्या रेल्वेचा म्हणजे ट्रामचा एक आस साधारण १० ते १२ टनांचा असतो. रस्त्यावरून जाणाऱ्या खडीच्या डंपरचा आसही याहून फार हलका नसतो. तरीही रुळांखालचा स्लॅब रस्त्याच्या काँक्रीटसारखा करून भागत नाही. स्लॅब तुटतो तो बहुधा वजनाने नव्हे. खालचं पाणी माती घेऊन जातं, रुळातली वीज सळ्या खाते आणि रुळालगतची फट रुंदावत जाते. गोव्यात आज ट्राम नाही. पण पणजी, मडगाव किंवा वास्कोत कुणी असा मार्ग आखायला बसलं, तर ३००० मिमीच्या आसपासचा पाऊस, भरतीचं खारं पाणी आणि जांभ्याची फसवी जमीन या तिन्ही गोष्टी एकाच कामात समोर येतील. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे. गृहीत धरलं आहे ते असं: गेज (दोन रुळांमधलं अंतर) १४३५ मिमी, ६०आर२ जातीचा खाचेचा रूळ (वजन सुमारे ६० किलो प्रति मीटर, उंची १८० मिमी), ७५० व्होल्ट डीसी वीज आणि रस्त्याच्या पातळीत बुजवलेला ट्रॅक.

आधी जमीन ओळखा

गोव्यात पाच किलोमीटरच्या मार्गावर तीन वेगळ्या जमिनी सहज भेटतात आणि तिघींची वागणूक वेगळी. म्हणून पहिलं काम बोअरिंगचं. सरळ मार्गावर दर १०० मीटरला एक बोअर घ्या. जमीन बदलते तिथे, नाल्याजवळ आणि पुलाच्या तोंडाशी दर २५ मीटरला घ्या.

पर्वरी, बांबोळी, ताळगाव पठारावर जांभा लागतो. वरचं कवच इतकं कडक की ब्रेकर लावावा लागतो, त्यामुळे पाया उत्तम आहे असं वाटतं. धोका त्याखाली आहे. कवचाखाली बरेचदा पांढरट-जांभळट, साबणासारखी मऊ माती असते. ती कोरडी असताना उभी राहते, पाणी मुरलं की ढासळते. जांभ्यात पोकळ्याही असतात. खोदकाम पूर्ण झाल्यावर तळात दर ५ मीटरला २ मीटर खोल ड्रिल मारून पाहा. ड्रिल एकदम खाली गेलं, तर तिथे उघडून हलक्या दर्जाचं काँक्रीट भरा. दगडमातीने भरू नका, ती पहिल्याच पावसात बसते. दुसरी गोष्ट: स्लॅब थेट कडक जांभ्यावर बसवू नका. पुढे भरावाची जमीन येते तिथे एक टोक दगडावर आणि दुसरं मातीवर राहतं आणि तडा नेमका त्या सांध्यावर जातो. जांभा वरून ३०० मिमी फोडून, त्याचा चुरा करून, पाणी मारून पुन्हा दाबा. कडकपणा एकसारखा ठेवणं हे कडकपणा वाढवण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

दुसरी जमीन म्हणजे पणजीचा सखल भाग: कांपाल, सांत इनेज, पाटो. जुना भराव, त्याखाली वाळू आणि गाळ, आणि पाणी हाताच्या अंतरावर. इथे पाण्याची पातळी एकदा मोजून चालत नाही. बोअरमध्ये नळी सोडून ती पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला आणि ओहोटीला मोजा. पातळी भरतीबरोबर वरखाली होत असेल, तर मातीतले बारीक कण रोज थोडे थोडे हलतात असं धरून चालावं.

तिसरी जमीन खाजनाची, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतीची, आणि तीच सर्वात अवघड. रायबंदरचा सतराव्या शतकातला कॉजवे असाच दलदलीत उभा आहे. मेरशीपासून चिंबलच्या पायथ्यापर्यंतचा काळा चिखल वर्षानुवर्षं बसत राहतो. त्यावर ३०० मिमीचा स्लॅब टाकला, तर स्लॅब मोडणार नाही. अख्खा ट्रॅक लाटेसारखा वाकडा होईल. पर्याय दोन. वेळ असेल तर उभ्या निचरा-पट्ट्या रोवून वर मातीचा भार ठेवायचा आणि बसकण संपू द्यायची. याला एक पावसाळा तरी जातो. नाहीतर पाइल (जमिनीत खोल रोवलेले खांब) मारून स्लॅब पाइलवर टेकवायचा. पाइलवरचा भाग संपून साधी जमीन सुरू होते तिथे किमान ६ मीटरचा संक्रमण स्लॅब हवा, नाहीतर त्या जागी गाडी उडी मारते. खाजनातून जाताना मानस (बांधातली पाण्याची दारं) आणि आतले पाण्याचे ओहोळ बंद होणार नाहीत, एवढे मोऱ्यांचे गाळे सोडा. बांधाच्या एका बाजूचं पाणी अडलं, तर शेताचं नुकसान होतंच, शिवाय ते अडलेलं पाणी ट्रॅकखालून वाट काढतं.

नळ, गटार, केबल

हे काम कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच मागे ढकललं जातं. एडिनबरा शहराची ट्राम २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या उशिराची आणि खर्चवाढीची मोठी कारणं रस्त्याखालच्या सेवावाहिन्या हलवण्यातच होती. जुन्या गावभागात नकाशावरची पाइपलाइन आणि जमिनीतली पाइपलाइन यांचा मेळ बसेलच असं नाही. दर २० मीटरला आडवा चर हाताने खोदून खात्री करा, जेसीबीने नको.

नियम साधा ठेवा. स्लॅबच्या रुंदीत आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी १ मीटरच्या पट्ट्यात लांबीने जाणारी एकही वाहिनी ठेवायची नाही. आडव्या जाणाऱ्या वाहिन्या मोठ्या नळीतून न्यायच्या आणि त्या नळीची दोन्ही तोंडं स्लॅबच्या बाहेर काढायची. धातूची पाण्याची लाइन जवळ असेल, तर तिथे प्लास्टिकची नळी टाकण्याचा आग्रह धरा. कारण पुढे विजेच्या भागात येतं.

खोदाई आणि पाया

रस्त्याच्या पातळीपासून खाली मोजायचं तर: रूळ १८० मिमी, रुळाच्या पायाखाली ४५ मिमी, मुख्य स्लॅब ३०० मिमी, पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) १०० मिमी, जीएसबी (खडी-मुरमाचा दाबलेला थर) १५० मिमी. एकूण ७७५ मिमी. स्लॅब २.४ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना ३०० मिमी काम करायला जागा. म्हणजे एका ट्रॅकला मीटरमागे सुमारे २.३ घनमीटर खोदाई.

तळाची माती चार दिवस भिजवून घेतलेल्या सीबीआर चाचणीत (मातीची भार पेलण्याची ताकद मोजणारी) ८ टक्क्यांच्या खाली येत असेल, तर ती ५०० मिमी काढून चांगला मुरूम भरा. सबग्रेडचं (तळाच्या मातीचं) दाबकाम हेवी प्रॉक्टर चाचणीत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या ९७ टक्के, जीएसबीचं ९८ टक्के. पण फक्त घनतेवर विसंबू नका. प्लेट लोड चाचणी घ्या आणि दुसऱ्या भारणीचा मॉड्युलस (जमिनीच्या कडकपणाचा आकडा) सबग्रेडवर किमान ४५, जीएसबीवर किमान १०० मेगापास्कल येतो का ते बघा. गोव्यात मुरूम म्हणून जांभ्याचा चुरा मिळतो. तो चालतो, पण त्यातल्या चिकट मातीचं प्रमाण लोडागणिक बदलतं. मातीचा चिकटपणा सांगणारा प्लॅस्टिसिटी इंडेक्स ६ च्या वर गेला, तर तो जीएसबीत वापरू नका.

स्लॅबच्या दोन्ही कडांना, जीएसबीच्या तळात, १५० मिमी व्यासाची छिद्रांची नळी जिओटेक्स्टाइलमध्ये (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडात) गुंडाळून टाका, उतार २०० ला १. पणजीच्या सखल भागात या नळ्यांचं तोंड भरतीच्या पातळीखाली जातं. तिथे झडप लावली नाही, तर निचऱ्याची नळीच खाडीचं खारं पाणी ट्रॅकखाली आणते. झडप बंद असताना आलेलं पावसाचं पाणी साठवायला टाकी आणि पंप हवाच, कारण मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी येते तेव्हाच शहर तुंबतं.

जाडी आणि सळ्या

आता आकडेमोड. १२ टनांचा आस म्हणजे १२० किलोन्यूटन. चाकाचे धक्के, रुळातली वेल्डची उंचसखलता धरून १.५ ने गुणा: १८० किलोन्यूटन. स्लॅब लवचिक पायावरची तुळई धरायचा. रुंदी २.४ मीटर, जाडी ३०० मिमी, एम४० काँक्रीट (४० मेगापास्कल ताकदीचं), आणि जमिनीचा प्रतिक्रिया गुणांक मीटरमागे ८० मेगापास्कल. यातून कमाल मोमेंट (स्लॅबला वाकवणारा जोर) सुमारे ६२ किलोन्यूटन-मीटर, काँक्रीटमधला ताण १.७ मेगापास्कल आणि जमिनीवर दाब जेमतेम २७ किलोपास्कल येतो. एम४० ची वाकताना ताण सोसण्याची ताकद आयएस ४५६ या भारतीय काँक्रीट मानकाप्रमाणे ४.४ मेगापास्कल आहे. जमीन मऊ होऊन गुणांक ३० वर आला, तरी मोमेंट ७९ च्या आसपासच राहते. म्हणजे खाली जमीन आहे तोवर स्लॅब आरामात आहे.

डिझाइन करायचं ते जमीन नसतानाचं. पाण्याची लाइन फुटली, किंवा जांभ्याखालची मऊ माती वाहून गेली, तर स्लॅबखाली पोकळी होते. ३ मीटरची पोकळी धरा आणि स्लॅब दोन टोकांवर टेकलेला समजा. आसाचा मोमेंट १३५, स्वतःच्या वजनाचा २०, एकूण १५५. यावर १.५ चा गुणक घेतला की २३३ किलोन्यूटन-मीटर. याला तळात १६ मिमीच्या १३ सळ्या पुरतात, त्यांची क्षमता सुमारे २५९ येते. पोकळी कडेला किंवा दोन टोकांच्या पलीकडे सरकली तर मोमेंट उलटतो, म्हणून वरच्या थरातही तेवढ्याच १३. एकूण २६ सळ्या म्हणजे छेदाच्या ०.७३ टक्के. सांधे न ठेवता सलग टाकलेल्या स्लॅबमध्ये तडे केसाएवढे बारीक राहण्यासाठी ०.६ ते ०.७ टक्के स्टील लागतं. इथे तेही आपोआप भागतं, त्यामुळे आडवे सांधे कापण्याची गरज नाही. या स्लॅबचा मला सर्वात जास्त पटणारा गुण हाच आहे: सांधा नाही म्हणजे पाणी उतरायला वाट नाही.

लांबीच्या सळ्या बाहेरच्या थरात, आडव्या १२ मिमीच्या सळ्या २०० मिमी अंतरावर त्यांच्या आत. कव्हर (सळईवरचं काँक्रीट) ५० मिमी. लॅप (दोन सळ्या एकमेकींवर चढवून जोडायची लांबी) ५० व्यास, म्हणजे ८०० मिमी, आणि एका छेदात एकतृतीयांशापेक्षा जास्त सळ्यांचे लॅप येऊ देऊ नका. लॅप, खुर्च्या धरून मीटरमागे साधारण ६८ किलो स्टील आणि ०.७२ घनमीटर काँक्रीट लागतं. सळई एफई ५००डी दर्जाची.

रुळातून निसटणारी वीज

गाडीने घेतलेला करंट रुळांतून सबस्टेशनला परत जातो. रूळ जमिनीपासून नीट तुटलेले नसतील, तर त्यातला काही भाग काँक्रीट, सळ्या, शेजारची पाइपलाइन अशा वाटेने परततो. डीसी करंट धातू सोडून मातीत उतरतो त्या जागी लोखंड विरघळतं. १ अँपिअर वर्षभर वाहिला, तर सुमारे ९ किलो लोखंड जातं. पावसाळ्यात भिजलेलं, मिठाने भरलेलं काँक्रीट वीज सहज वाहून नेतं. त्यामुळे कोरड्या गावात चालून गेलेली हलगर्जी किनाऱ्यावर चालत नाही.

उपाय तीन थरांत करा. पहिला, रुळाला पायापासून डोक्याच्या कडेपर्यंत सलग रबरी आवरण. हे आवरण जोडण्याच्या जागी ओढून, चिकटवून, वर २०० मिमीची पट्टी गुंडाळा. फाटतं ते बहुधा जिग (रूळ जागेवर टांगून धरणारा साचा) लावताना किंवा सळईचं टोक घासून. ओतकामाआधी एका माणसाने वाकून, बॅटरी घेऊन दोन्ही बाजूंनी प्रत्येक मीटर पाहायचा. दुसरा, स्लॅबच्या वरच्या थरात रुळांखाली १२ मिमीच्या सहा वेगळ्या सळ्या टाका. त्यांचे लॅप वेल्ड करा आणि दर ५ मीटरला आडव्या सळईने जोडा. निसटलेला करंट या जाळीत गोळा होतो. भार घेणाऱ्या सळ्यांवर वेल्डिंग करू नका, म्हणूनच या वेगळ्या. दर १०० मीटरला जाळीचं तांब्याचं टोक बाहेर पेटीत काढा. तिसरा, रूळ आणि स्लॅबची सळई यांचा कुठेही धातूने संबंध येऊ देऊ नका. गेज रॉड, निचऱ्याची पेटी, सिग्नलची केबल, सगळं इन्सुलेटेड.

बुजवलेल्या ट्रॅकसाठी ईएन ५०१२२-२ हे युरोपीय मानक रुळातून जमिनीत वीज जाऊ देण्याच्या क्षमतेला किलोमीटरमागे २.५ सीमेन्सची मर्यादा देतं. १०० मीटरच्या तुकड्याला ती किमान ४ ओहम रोध अशी होते. तुकडा ओतण्याआधी आणि ओतल्यावर, दोन्ही वेळा मोजा. नव्या, कोरड्या ट्रॅकला आकडा ४ च्या कित्येक पट वर यायला हवा. नवा असतानाच तो मर्यादेजवळ आला, तर आवरण कुठेतरी फाटलं आहे. शोधून काढा, पुढे जाऊ नका.

काँक्रीट

किनाऱ्याजवळची हवा म्हणजे आयएस ४५६ मध्ये ‘सिव्हिअर’ वर्ग: किमान एम३०, कव्हर ४५ मिमी. खाऱ्या पाण्याच्या तुषारांत ‘व्हेरी सिव्हिअर’: एम३५, ५० मिमी. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ‘एक्स्ट्रीम’: एम४०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४०, कव्हर ७५ मिमी. सगळीकडे एम४० आणि ०.४० धरलं, तर मिक्स एकच राहतं. फक्त भरतीचं पाणी लागणाऱ्या भागात कव्हर ७५ करा आणि जाडी त्या प्रमाणात वाढवा.

ट्रायलला सुरुवात करायला घनमीटरमागे: सिमेंट २०० किलो, स्लॅगची (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची) भुकटी २०० किलो, पाणी १६० लिटर, २० मिमी खडी ६८० किलो, १० मिमी खडी ४५० किलो, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) ७५० किलो आणि अॅडमिक्स्चर (काँक्रीट प्रवाही करणारं रसायन) ३ ते ४ किलो. स्लॅगमुळे मीठ आत शिरण्याचा वेग बराच कमी होतो. बदल्यात सुरुवातीची ताकद हळू येते, हे वेळापत्रकात धरा.

मांडवी-झुआरीच्या मुखाकडची वाळू खाऱ्या पाण्यातली असते. ती वापरायची वेळ आली, तर क्लोराइडची चाचणी प्रत्येक लोडची हवी. घनमीटरमागे सगळं मिळून ०.६ किलो ही आयएस ४५६ ची कमाल मर्यादा आहे. मिसळायच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये खारट होतं. ऑक्टोबरात घेतलेला अहवाल तेव्हा कामाचा नाही.

कामाचा क्रम

ओतकाम ऑक्टोबर अखेर ते मे मध्य या काळात बसवा. जूनमध्ये उघडा चर म्हणजे तलाव, आणि दाबलेली माती एका पावसात फुकट जाते.

पहिला टप्पा मुख्य स्लॅबचा. पीसीसीवर १२५ मायक्रॉनचा प्लास्टिक कागद पसरा, कव्हर ब्लॉक काँक्रीटचेच वापरा (दगडाचे तुकडे किंवा चिऱ्याचा तुकडा मुळीच नको, चिरा पाणी शोषतो) आणि सळ्या बांधा. एका दिवसाला ६० मीटर हा आटोक्यातला तुकडा. काँक्रीट ४३ घनमीटर, म्हणजे ६ घनमीटरच्या सात-आठ मिक्सर गाड्या. गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी झाली पाहिजे. शहरातल्या संध्याकाळच्या गर्दीत प्लांटपासूनची वाट किती वेळ खाते, ते आधी रिकामी गाडी फिरवून बघा. काँक्रीटचं तापमान ओतताना ३२ अंशांच्या खाली ठेवा. त्यासाठी खडीवर सावली आणि पाण्यात बर्फ लागेल. दिवसअखेरचा थांबा जाळी लावून उभा घ्या, सळ्या सलग पुढे काढा. काँक्रीट घट्ट होऊ लागलं की वरचा पृष्ठभाग पाण्याच्या फवाऱ्याने ६ मिमी खरवडा. रुळांभोवती नंतर ओतायच्या दुसऱ्या थराशी पकड यावी म्हणून दर ३०० मिमीला १२ मिमीचे यू आकाराचे बार वर काढून ठेवा, आवरणापासून किमान ५० मिमी दूर.

दुसरा टप्पा रुळांचा. रूळ आधी थर्मिट वेल्डिंगने जोडून, वेल्ड अल्ट्रासॉनिकने तपासून घ्या. मग आवरण चढवा, जिगवर टांगा. जिग सरळ मार्गावर दर २.५ मीटरला, वळणावर दर १.५ मीटरला. गेज ±२ मिमीत आणा, पातळी आणि रेषा सर्व्हे यंत्राने बांधा, आणि ओतायच्या अर्धा तास आधी पुन्हा मोजा. रात्रीत कुणाचा पाय लागून एक स्क्रू हलला, तरी तो काँक्रीटमध्ये कायमचा राहतो.

ओतायची वेळ सूर्यास्तानंतरची. ५० मीटर लांबीचा रूळ तापमानातल्या २० अंशांच्या फरकाने सुमारे ११.५ मिमी वाढतो. दुपारी तापलेला रूळ ओल्या काँक्रीटमध्ये पुरला, तर तो रात्री आखडताना भोवतालचं कच्चं काँक्रीट सोडतो आणि आवरणाशी केसाएवढी फट राहते. पावसाचं पाणी तिथूनच आत जातं. सूर्य मावळल्यावर तासाभराने रुळाचं तापमान मोजा, दर अर्ध्या तासाला पुन्हा मोजा. दोन मोजण्यांत २ अंशांपेक्षा कमी फरक आला की ओतायला घ्या. सकाळी ऊन चढण्यापूर्वी रुळांवर ओली गोणपाटं टाका.

रुळाखालच्या ४५ मिमीच्या जागेत काँक्रीट एकाच बाजूने सोडायचं. ते रुळाच्या पायाखालून दुसऱ्या बाजूला येताना दिसेपर्यंत तिकडून काहीही टाकायचं नाही. दोन्ही बाजूंनी ओतलं, तर मधली हवा अडकते आणि रूळ तिथे पोकळीवर बसतो. स्लम्प (काँक्रीटच्या पातळपणाचं माप) १०० ते १३० मिमी, खडी १० मिमीची. व्हायब्रेटर २५ मिमीच्या सुईचा, आणि सुई आवरणाला लागता कामा नये. जिग १२ तासांनंतर ढिले करा, काढण्याची घाई नको.

क्युअरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं): स्लॅगच्या काँक्रीटला किमान १० दिवस, मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात १४. गोणपाट ओलं आहे का हे दुपारी दोनला जाऊन बघा, सकाळी आठला नाही. पाणी गोडंच वापरा. खाडीच्या पाण्याने क्युअरिंग केलेला स्लॅब पहिल्या दिवसापासून मीठ पीत असतो.

कडा आणि निचरा

एडिनबरात प्रिन्सेस स्ट्रीटवर रुळालगतचा रस्त्याचा पृष्ठभाग लवकरच तुटला आणि काम पुन्हा करावं लागलं. रुळालगत अरुंद डांबरी पट्टी टिकत नाही. रूळ दाबाखाली किंचित खाली जातो, डांबर त्याच्याबरोबर जात नाही, कड फुटते. म्हणून रुळांमध्ये आणि दोन्ही बाहेरच्या कडांना काँक्रीटच ठेवा. डांबर स्लॅबच्या कडेपासून पुढे सुरू करा, आणि तो सांधा २० मिमी रुंद, ४० मिमी खोल कापून सीलंटने भरा. रूळ आणि काँक्रीट यांच्यामध्ये वर लवचिक सीलंट हवाच. हे पाच-सहा वर्षांत बदलायचं सामान आहे, खर्चात धरा.

रुळाची खाच म्हणजे चालतं गटार. उताराच्या तळाशी, क्रॉसिंगच्या आधी आणि थांब्याच्या अलीकडे खाचेतून पाणी काढणारी पेटी बसवा. त्यातून पाणी रस्त्याच्या गटारात जाऊ द्या, स्लॅबखालच्या निचरा-नळीत नव्हे. जांभ्याची लाल माती पहिल्या पावसात या पेट्या भरून टाकते. मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच, अशा दोन साफसफाया करा.

पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरात तीन मोजण्या घ्या. दर १० मीटरला रुळाची पातळी, म्हणजे बसकण कुठे चालू आहे ते कळेल. प्रत्येक १०० मीटरच्या तुकड्याचा जमिनीशी रोध, तोही ओल्या अवस्थेत. आणि तड्यांची रुंदी: ०.३ मिमीपर्यंतचे आडवे तडे सलग स्लॅबमध्ये अपेक्षितच आहेत, ते नोंदवून सोडून द्या. रुळाला समांतर जाणारा तडा दिसला, मग तो कितीही बारीक असो, तर तिथे कोअर (काँक्रीटचा गोल कापलेला नमुना) काढून रुळाखाली पोकळी आहे का ते पाहा.